विमान उतरल्यावरची वाट

उमराहला निघालेल्या माणसाला निरोप देताना सगळी वाडी जमते. एहराम कसा बांधायचा, सई कुठून सुरू करायची, कुठे दुआ मागायची, हे दहा जण दहा वेळा सांगतात. परत आल्यावर मुंबईच्या विमानतळातून बाहेर कसे पडायचे आणि घरची वाट कशी धरायची, हे मात्र कोणी सांगत नाही. "आपण गाडी करू" या वाक्यावर तो विषय संपतो. मग एका माणसाला आणायला सात जण जातात. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून रात्रभर बाहेर ताटकळतात. ज्याला गाडी परवडत नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न कोणाला पडतच नाही.

माझे मत असे आहे की विमानतळ ते शहर ही वाटसुद्धा शिकवायला हवी. ती शाळेत शिकवता येते, हज-उमराहच्या शिबिरातही शिकवता येते. ती ज्याला येते तो कोणावर अवलंबून राहत नाही. ज्याला येत नाही तो दारात "टॅक्सी, टॅक्सी" म्हणून हाक मारणाऱ्या पहिल्या माणसाच्या मागे जातो.

आता तर हे शिकणे आणखी गरजेचे झाले आहे, कारण मुंबईला दोन विमानतळ झाले. जुना छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी-सांताक्रूझच्या बाजूला आहे. नवा पनवेलजवळ उलव्याला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. तिकिटावर शहराचे नाव "मुंबई" दिसले, म्हणून भागत नाही. शेजारची तीन अक्षरे वाचावी लागतात. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा. या दोहोंच्या मधे खाडी आणि भरगच्च वाहतूक आहे. चुकीच्या ठिकाणी पोहोचलेल्याचे विमान बहुधा सुटलेच समजा.

जुन्या विमानतळाचेही दोन भाग आहेत. टर्मिनल १ फक्त देशांतर्गत विमानांसाठी. टर्मिनल २ वरून परदेशची विमाने सुटतात आणि काही देशांतर्गतही. रस्त्याने गेले तर दोहोंत चार-पाच किलोमीटरचे अंतर पडते. रिक्षावाल्याला नुसते "एअरपोर्ट" सांगू नये, टर्मिनलचा आकडाही सांगावा.

आता बाहेर पडण्याचे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. दोन्ही टर्मिनलजवळ तिची स्टेशने आहेत. तिकीट १० ते ७० रुपयांच्या आत. सीएसएमटीला उतरले की मध्य रेल्वे समोर, हज हाऊसही तिथून जवळ. ठाणे-कल्याणच्या बाजूला जायचे असेल, तर टर्मिनल २ वरून उलट दिशेला एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथे मेट्रो १ पकडून घाटकोपर आणि पुढे लोकल. कोकणात जाणाऱ्याने घाटकोपरहून कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बरने पनवेल गाठावे. पनवेलला कोकण रेल्वेही मिळते, एसटीही मिळते.

टॅक्सीच करायची असेल, तर आतल्या प्रीपेड काउंटरवर पैसे भरून पावती घ्यावी आणि पावतीवरचा नंबर गाडीच्या नंबरशी ताडून मगच बसावे. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिण मुंबईत जात नाही, हेही ठाऊक असलेले बरे.

दहावीच्या मुलांना मी हा नकाशा फळ्यावर काढून देते. एक मुलगी टर्मिनल २ वर उतरली, तिला पनवेल गाठायचे आहे, मार्ग लिहा. मुले उर्दूत लिहितात, मग मराठीत लिहितात. ज्यांनी मुंबई पाहिलेलीही नाही, ती मुले पंधरा मिनिटांत बरोबर उत्तर देतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण टीचर, ती रात्री दोन वाजता उतरली तर?"

खरी अडचण तीच आहे. आखातातून येणारी कितीतरी विमाने रात्रीच उतरतात आणि त्या वेळी मेट्रो बंद असते, लोकलही थांबलेली असते. दुबई-कुवेतहून दोन वर्षांनी येणारा कामगार, जमजमचा पाच लिटरचा कॅन सांभाळणारी आजी, पहिल्यांदा एकटी आलेली विद्यार्थिनी यांच्यापुढे दोनच पर्याय उरतात. महाग गाडी करायची किंवा उजाडेपर्यंत बाकावर बसून राहायचे. हजारो कोटींचे टर्मिनल बांधणाऱ्या शहराला रात्रभर दर तासाला टर्मिनल २ ते पनवेल, ठाणे आणि सीएसएमटी अशी बस सोडणे जड नाही. बाहेर पडण्याच्या दारात मार्ग, भाडे आणि शेवटच्या गाडीची वेळ मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला फलक लावायला तर खर्चही फारसा नाही. नव्या विमानतळाची घडी अजून बसते आहे. ही मागणी तिथे आत्ताच केली पाहिजे.

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. जमातीच्या उमराह शिबिरात अर्धा तास या वाटेसाठी काढता येईल. एका कागदावर मराठी आणि उर्दूत मार्ग छापून तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवता येईल. जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे. त्याला अरबीत इब्नुस्सबील म्हणतात, म्हणजे वाटेचा मुलगा. वाटेत अडकलेल्याला पैसा देणे सवाबचे काम आहे हे आपण जाणतोच. त्याला आधीच वाट समजावून सांगणे हीसुद्धा मदतच आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. तुमच्या गावातून पुढचा जथा निघेल, तेव्हा एहरामच्या कापडाबरोबर हा कागदही त्यांच्या हातात द्या.