एकट्याचा नांगर

पार्ल्यात श्रोत्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे व्याख्यात्यांचाही नाही. परवा एका व्यवस्थापनतज्ज्ञांनी दीड तास जे सांगितले ते एवढेच: नवे काही सुचते ते एका द्रष्ट्याला, बाकीच्यांनी ते राबवायचे. संस्थेची संस्कृती वरून खाली झिरपते. समिती नेमली की कल्पना मेली. मराठी संस्था समित्यांच्या, म्हणून शिळ्या. पुरावा? लोखंडी नांगराचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर. टाळ्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत पार्ले टिळक विद्यालयाचे माजी विद्यार्थी नक्कीच असणार. टिळक 1920 च्या ऑगस्टमध्ये गेले. शाळा निघाली 1921 मध्ये, लोकमान्य सेवा संघ 1923 मध्ये. ज्यांचे नाव पाटीवर आहे ते हयात नसताना पार्लेकरांनी चर्चा करत, वर्गणी जमवत हे उभे केले. पण हे बोलायला वेळ कुठे होता? आभारप्रदर्शनच लांबले.

आता किर्लोस्कर. हे नाव घेतले की माझा संयम सुटतो, कारण ते घेणारे बहुधा पोवाडा वाचून आलेले असतात, इतिहास नव्हे. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. हा बाणा त्यांचाच, वाद नाही. पण त्याआधीच मुंबईहून सायकली बेळगावला जात होत्या आणि तिथे त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे काम रामूअण्णा करत होते. हा भाऊ वजा केला तर धंदाच उरत नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, कर्जही दिले, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. त्या माळावर द्रष्टेपण पेरून लोखंड उगवले नाही. शंभुराव जांभेकरांसारखा यंत्रात रमणारा माणूस लागला, ओतकामात हात भाजून घेणारे कारागीर लागले. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या जुन्या तोफा वितळल्या. आणि गिऱ्हाईक? लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत होता. पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. या सगळ्यातून एकच माणूस उचलायचा, चौकटीत घालायचा आणि हार घालून म्हणायचे, बघा, नेतृत्व! तो माणूस मोठा होता हे मान्यच. पण त्याचे मोठेपण इतरांना शहाणे होऊ देण्यात होते, ही गोष्ट पुतळा घडवताना बाजूला पडते.

(मराठी माणसाला धंदा जमत नाही, हा वादही याच जातीचा. तरुणपणी मी त्यावर रात्री जागवल्या आहेत. दोन्ही बाजू वीर शोधत होत्या, हिशेबनीस कोणीच शोधला नाही.)

संस्कृती वरून झिरपते म्हणे. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला तर साधा कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. आमच्याकडे सूचनापेटी असते, कुलूप असते, किल्ली साहेबांकडे. समितीत कल्पना मरतात हे मात्र खरे. मरताना मीही पाहिल्या आहेत. पण केबिनमध्ये त्या कमी मरतात काय? तिथे इतिवृत्त नसते इतकेच.

मग माझे म्हणणे काय? सुचलेले बोलायला माणूस घाबरत नसेल, आणि बोलण्याचा काही उपयोग होत असेल, तर नवे घडते. नेत्याने तेवढी मोकळीक राखावी. फार झगमगीत सिद्धांत नाही, दीड तास पुरणारही नाही. उदाहरणही पार्ल्याचेच देतो. मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली. कूपर हॉस्पिटलच्या मागे तिचे ग्राहक भवन आहे. शेजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी भरतात, माल एकत्र घाऊक भावाने घेतला जातो, एका घरी उतरतो आणि सभासद आपापसात वाटून घेतात. दुकान नाही, शेठ नाही. डाळतांदळाच्या खरेदीची ही उलटी रचना व्यवस्थापनाची पदवी नसलेल्या कितीतरी गृहिणींनी वर्षानुवर्षे चालवली. अर्थात आता दहा मिनिटांत किराणा दारात येतो, आणि पंचायतीसमोरचा हा प्रश्न खरा आहे. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. तज्ज्ञांकडे असेल तर त्यांनी वाटपाच्या दिवशी एखाद्या संघात यावे. भाषण झाले नाही तरी चालेल, पोती उतरवायला माणसे लागतातच.