गाडीच्या दारातली दोन मिनिटं

मैत्रिणींनो, लग्नसराई आली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायकांच्या एसटीच्या फेऱ्या सुरू होतात. कुणाचा साखरपुडा पुसदला, तर कुणाचं बारसं वणीला. त्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सोय मोठी झाली, पण गर्दीही वाढली, आणि गर्दीत चोरांचं फावतं.

माझ्या धाकट्या जावेचंच सांगते. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाहून ती परत येत होती. स्टँडवर गाडी लागताच सगळ्या दाराकडे धावल्या. हिच्या कडेवर पोर, हातात पिशवी. मागून रेटारेटी, आणि पुढची बाई पायरीवरच अडलेली, "थांबा वो, चप्पल निघाली माही!" कशीबशी आत जाऊन बसली, पदर सारखा केला, तर गळ्यात पोत नाही! चप्पलवाली बाई गाडीत चढलीच नव्हती.

आपण झोपेत सावध राहायला शिकतो, पण घात होतो तो दारात. दोन्ही हात गुंतलेले, लक्ष जागेवर. म्हणून आता मी सरळ गर्दी ओसरू देते. उभ्यानं जावं लागलं तर लागलं! पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पिन लावते, पर्स पोटाशी. लग्नातले दागिने लग्नघरी पोचल्यावरच अंगावर. "तुमच्या नोटा पडल्या" असं कुणी म्हटलं, तर वाकण्याआधी सामानावर हात ठेवावा.

आणखी एक सोंग फार चालतं. साध्या कपड्यातला माणूस येतो, "आम्ही पोलीस, पुढे चोऱ्या होताहेत, दागिने काढून कागदात बांधून ठेवा" म्हणतो, पुडीही स्वतःच बांधून देतो. घरी उघडावी, तर आत खडे! खरे पोलीस रस्त्यात असे दागिने काढायला लावत नाहीत, एवढं सासूबाईंनाही सांगून ठेवा.

धामणगावहून रात्रीची रेल्वे असेल, तर बॅगेला साखळी-कुलूप घाला, खालच्या बाकाखाली कडी असते. गाडी सुटताना खिडकीशी गळा आणि मोबाईल सांभाळा. अनोळखी माणसाचा चहा-बिस्कीट गोड बोलून टाळावा. काही झालंच, तर रेल्वेत १३९ आणि एरवी ११२ हे नंबर आहेत.

पण मला खरं लागलं ते पुढचं. जावेनं आठ दिवस घरात सांगितलंच नाही. पदर गळ्याशी घट्ट धरून वावरायची. "आई काय म्हणतील?" हीच धास्ती. चोरी चोरानं केली, आणि तोंड लपवायची पाळी हिच्यावर! त्या आठ दिवसांत तक्रारही राहिली. गाव दुसरं होतं म्हणून अडायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, गुन्हा कुठेही घडो, जवळच्या ठाण्यात नोंदवण्याची तरतूद आहे. त्याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. दागिन्याची पावती आणि फोटो घरी असू द्या.

पोत मिळाली नाही. सासूबाईंना कळलं, तेव्हा त्या आधी पोराला लागलं का, एवढंच विचारत्या झाल्या. मग त्यांनीच काळे मणी दोऱ्यात ओवून तिला प्रवासासाठी साधी पोत करून दिली. माझीही एक सांगून ठेवली आहे.