थांबायचा खर्च

सायकलवाल्यांच्या गप्पा कधी ऐकल्या आहेत? सगळ्या धावण्याच्या असतात. कुणाचं चाक किती ग्रॅमचं, कुणाचा सरासरी वेग किती, कोण किती वाजता रामटेकला पोचलं... थांबण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ब्रेक काय, असतोच की! तर आज त्या न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. नेमकं सांगायचं तर कार्बनच्या चाकांना कोणते ब्रेक पॅड लावावेत, याबद्दल. विषय वाचून नातेवाईक मंडळींनी लगेच पळ काढू नये. तुमच्या घरातलं कुणी पहाटे चारला हेल्मेट घालून बाहेर पडत असेल तर हे तुमच्याही कामाचं आहे.

निमित्त आमच्या भाच्याचं. त्याने कुणाकडून तरी वापरलेली कार्बनची चाकं घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून स्वारी खुशीत आहे. चाकं खरंच देखणी आहेत, काळीभोर, खोल रिमची, चालताना घूं घूं आवाज करणारी. फक्त त्यांच्यासोबत पॅड आले नाहीत. मी विचारलं, पॅड कोणते लावणार? तर म्हणाला, "मामा, आधीचे आहेत नं! रबर तर रबर, त्याला काय होते?" आणि जुलैत मित्रांबरोबर चिखलदऱ्याला जायचा बेत आहे.

त्याला काय होतं, तेच सांगतो.

आधी ही चाकं स्वस्त का झाली ते बघा. सायकलच्या रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे यूसीआयने, २०१८ साली कायमची परवानगी दिली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या नव्या महागड्या सायकली बहुतेक डिस्कच्याच येऊ लागल्या. ज्या चाकात पॅड थेट रिमला चिमटा घेतो, ती रिम ब्रेकची चाकं मागे पडली. ज्यांनी सायकल बदलली त्यांनी जुनी चाकं विकायला काढली. आमच्या भाच्यासारख्या हौशी पोरांना ती परवडू लागली, हे चांगलंच झालं. पण चाक हातोहात फिरत राहतं आणि त्याच्याबरोबरचा सल्ला, कागद, पॅड वाटेत कुठेतरी गळून पडतात.

आता मुद्दा असा, की थांबणं फुकट नसतं. सायकलचा वेग ब्रेकने मारला की त्याची उष्णता होते आणि ती पॅड आणि रिममध्ये जाते. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाताना सिग्नल लागला आणि थांबलात, तर साधारण ३ किलोज्यूल उष्णता तयार होते. काहीच नाही! रिम जेमतेम कोमट होईल. आपलं नागपूर सपाट. कळमन्यापासून पारडी, तिथून भंडारा रोड, कुठेही जा, ब्रेकची परीक्षा होतच नाही. म्हणून इथे कोणताही पॅड चालतो असं वाटतं.

पण घाट उतरताना गणित फिरतं. तेच ८५ किलो १०० मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे ८३ किलोज्यूल कुठेतरी टाकावे लागतात. म्हणजे अठ्ठावीस सिग्नल एकामागोमाग एक! चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे. तिथून परतवाड्याच्या बाजूला उतरताना ७०० मीटरच्या आसपास उंची घालवावी लागते. ही सगळी ऊर्जा ब्रेकने खाल्ली, तर तेवढ्यात दोन लिटर पाण्याला उकळी येईल. अर्थात सगळी ब्रेकच्या वाट्याला येत नाही, वेगात असलात तर बरीच हवा खाते. पण गंमत बघा, जो घाबरून हळूहळू, ब्रेक धरून उतरतो, त्याला हवा मदत करत नाही. त्याची जवळजवळ सगळी उष्णता रिममध्येच जाते. म्हणजे नवख्याचा ब्रेक पट्टीच्या सायकलपटूपेक्षा जास्त तापतो.

ॲल्युमिनियमची रिम ही उष्णता भराभर पसरवते आणि वाऱ्याला देऊन टाकते. कार्बनचं तसं नाही. कार्बनची रिम म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. तिच्या जाडीतून उष्णता आरपार जायचं प्रमाण ॲल्युमिनियमच्या तुलनेत शंभर पटींहून कमी. म्हणजे उष्णता जिथे तयार झाली तिथेच, ब्रेकच्या पट्ट्यावर, साचून राहते. धाग्यांना काही होत नाही हो, पण रेझिन एका तापमानानंतर मऊ पडतं. क्लिंचर प्रकारच्या चाकात, म्हणजे आत ट्यूब आणि बाहेर टायर असलेल्या, टायरमधली हवा रिमच्या कडांना सतत बाहेर ढकलत असते. रेझिन मऊ पडलं की कड फुगते, ब्रेक धडधडायला लागतो आणि कधीकधी ट्यूब फुटते. हे सगळं वळणावर, उतारावर, वेगात. ट्युब्युलर टायर रिमला गोंदाने चिकटवलेला असतो, तिथे गोंद मऊ होतो. पातळ लॅटेक्सच्या ट्यूब कार्बन क्लिंचरमध्ये घालू नका, असं कितीतरी कंपन्या सांगतात ते याच कारणाने.

इथे पॅड कामाला येतो. साधे पॅड ॲल्युमिनियमसाठी बनवलेले असतात. कार्बनवर ते जास्त तापतात, वितळून पट्ट्यावर थर सोडतात किंवा झटके देत धरतात. शिवाय ॲल्युमिनियमवर वापरलेल्या पॅडमध्ये धातूचे बारीक कण रुतून बसलेले असतात. तेच पॅड कार्बनवर लावणं म्हणजे पॉलिश पेपरने घासणं. भाच्याच्या 'आधीचे आहेत नं'चा अर्थ हा आहे!

मग कोणते लावावेत? बाजारात नावं पुष्कळ आहेत. स्विसस्टॉपचे पिवळे यलो किंग आणि काळे ब्लॅक प्रिन्स, रेनॉल्ड्सचे निळे क्रायो ब्लू, झिपचे टँजेंट प्लॅटिनम प्रो, शिवाय कॉर्कचे पॅड. कॉर्क रिमला जपतो, पण लवकर झिजतो आणि पावसात त्याचा भरवसा कमी. कुणी विचारलं की 'सगळ्यात चांगला कोणता?' तर माझं मत असं आहे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. पॅड एकटा चांगला नसतो, रिमबरोबर चांगला असतो. एका कंपनीचं रेझिन, ब्रेकच्या पट्ट्याचा पोत दुसरीपेक्षा वेगळा. डीटी स्विस आपल्या कार्बन रिमसाठी ब्लॅक प्रिन्स सांगते, झिप स्वतःचे पॅड सांगते. आणि सांगितलेल्यापेक्षा दुसरे लावलेत तर वॉरंटी जाते, असं बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं की ही पॅड विकायची युक्ती आहे. थोडी असेलही! पण तो पॅड त्या रिमवर तापवून बघितलेला असतो. मित्राने सांगितलेला पॅड मित्राच्या रिमवर बघितलेला असतो. मी पहिल्यावर विश्वास ठेवीन.

आणि ही जोडीची गोष्ट काही नवी नाही. आपल्या कळमन्याच्या मार्केट यार्डात धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे यांच्या गर्दीत जुन्या काळ्या सायकली अजून दिसतात. रॉडचा ब्रेक, चकचकीत क्रोमची लोखंडी रिम. त्या रिमवर पावसात ब्रेक लागत नाही हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं, म्हणून पावसाळ्यात ते लांबूनच ब्रेक दाबायचे आणि शेवटी पाय टेकवायचे. तिकडे विलायतेत अशा रिमसाठी चामड्याचा थर लावलेले पॅड निघाले होते. म्हणजे धातू बदलला की रबर बदलायचं, हे शहाणपण लोखंडी रिमच्या काळापासूनचं आहे. कार्बनपाशी येऊन आपण ते का विसरावं?

कळमन्याचा आणखी एक संबंध आहे. तो म्हणजे धूळ. यार्डाकडे दिवसरात्र ट्रक चालतात, रस्त्यावर बारीक रेती आणि कचकच पसरलेली असते. ती ओल्या चाकावरून पॅडमध्ये जाऊन बसते. ॲल्युमिनियमवर नुसते चरे पडतात, कार्बनवर चरा म्हणजे धागाच कापला जातो. म्हणून या भागात राहणाऱ्याने आठवड्याला एकदा पॅड काढून बघावेत, रुतलेले खडे टोकदार सुईने काढावेत, आणि पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. दहा मिनिटांचं काम आहे.

बाकी लक्षात ठेवायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. ॲल्युमिनियमची आणि कार्बनची अशी दोन्ही चाकं आलटून पालटून वापरत असाल तर पॅडचे दोन संच ठेवा. अदलाबदल नको.

२. पॅड ज्या खाचेत सरकवतात तिचं बंद टोक पुढच्या बाजूला हवं. उलटं बसलं तर जोरात ब्रेक मारल्यावर पॅड पुढे सरकून बाहेर पडू शकतो! बारीक स्क्रूही घट्ट आहे ना ते बघा.

३. पॅड पूर्णपणे ब्रेकच्या पट्ट्यावर बसायला हवा. वर टायरला लागला तर टायर कापेल.

४. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ दाबा, मग सोडा. सोडलेल्या वेळात रिम थंड होते.

५. ओल्या रिमवर पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही, पाणी पुसण्यातच जातात. लांबूनच हलके दाबून ठेवा.

आता विरोधी मुद्द्याकडे येतो, कारण तो खरा आहे. 'इथे घाट कुठे आहे? दोन वर्षांतून एकदा चिखलदरा, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला?' पण माझ्या मते धोका त्यातच आहे. ज्याच्या दारात घाट आहे, तो पुण्या-नाशिकचा सायकलवाला दर रविवारी ब्रेकची परीक्षा घेतो. त्याला पॅडचा वास येतो, आवाज कळतो. आपण वर्षभर सपाटीवर फिरतो आणि पॅडची पहिली परीक्षा एकदम मोठ्या घाटात, पावसात, धुक्यात होते. शिवाय आपले लोक घाटाला जात नाहीत असं थोडंच आहे? नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेत रॅम ही स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, रॉकी पर्वत ओलांडून. तेव्हापासून इथली पोरं मोठी स्वप्नं बघतात, आणि बघावीतच. पण स्वप्न सपाटीवर बघितलं तरी उतरायचं डोंगरावरूनच असतं.

दुसरा मुद्दा खर्चाचा. साधं रबर शंभराच्या आसपास मिळतं, कार्बनच्या चार पॅडच्या संचाला काही हजार पडतात आणि ते मागवावे लागतात, वाट बघावी लागते. खरं आहे. पण तो पॅडचा खर्च नाही, चाकाचाच आहे. चाकाची किंमत सांगताना पॅड धरला नाही तर किंमत अर्धवट सांगितली असं समजा. आणि हा खर्च नको असेल तर सरळ मार्ग आहे. ब्रेकच्या पट्ट्याला ॲल्युमिनियम असलेली चाकं वापरा. थोडी जड असतील, पण कोणतंही बरं रबर चालतं, पावसात लवकर थांबतात आणि तापली तरी कुरकुर करत नाहीत. नागपूरच्या दहांतल्या आठ सायकलवाल्यांना मी हेच सांगेन. यात काही कमीपणा नाही.

तर भाच्याला माझं सांगणं एवढंच. चाकाच्या कडेवर कंपनीचं नाव आणि मॉडेल असेल ते लिहून घे. त्याला चालणारा पॅड कोणता ते शोध आणि मागव. आल्यावर रामटेकच्या गडाच्या रस्त्यावर चारदा उतरून बघ. छोटा उतार आहे, पण आवाज आणि पकड कळेल. कंपनी ओळखूच येत नसेल, किंवा पॅड जुलैपर्यंत आलाच नाही, तर चिखलदऱ्याला जुनीच ॲल्युमिनियमची चाकं घेऊन जा. फोटोत तेवढी देखणी दिसणार नाहीत. चालेल!

आणि ताई, तू हे वाचत असशीलच. पोराला जाऊ नको म्हणू नकोस, तो जाणारच. 'किती वेळात पोचलास' हे सगळे विचारतील. तू निघताना फक्त एवढंच विचार, "पॅड कोणते लावलेस?" उत्तर लगेच आलं तर निर्धास्त झोप. "रबर तर रबर" असं आलं, तर मला फोन कर.

बघा पटतंय का.