कादंबरीची निवड

गंभीर कादंबरी श्रेष्ठ आणि रंजक कादंबरी कनिष्ठ, असा एक समज रूढ आहे. कोलकात्याच्या बालीगंज परिसराशी नाते असलेल्या तीन कादंबऱ्या वाचल्यास तो टिकत नाही.

सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ (१९७१) या रहस्यकादंबरीतील गुप्तहेर फेलूदा बालीगंजमधील रजनी सेन रोडवर राहतो. पूर्वजन्म आठवणाऱ्या मुलाच्या रक्षणासाठी तो जैसलमेर गाठतो. त्याच्यासोबत वाचकही पुरावा पारखू लागतो. बालीगंज स्टेशन रोडवर अनेक वर्षे राहिलेल्या महाश्वेता देवींच्या ‘हजार चुराशीर माँ’ (१९७४) मधील आईला, नक्षलवादी चळवळीत मारल्या गेलेल्या मुलाची खरी ओळख त्याच्या मृत्यूनंतर होते. अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ (१९८८) शेजारच्या गोल पार्कमधून ढाका व लंडनपर्यंत जाते आणि १९६४ च्या दंगलींच्या आधारे देशांच्या सीमारेषांचा अर्थ तपासते.

या तिन्ही कादंबऱ्या सत्याचा शोध घेतात. त्यांच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत. म्हणून दीर्घ खंडानंतर वाचनाकडे वळणाऱ्या प्रौढाने प्रथम फेलूदा निवडला, तर त्यात कमीपणा नाही. फेलूदाच्या कथा मराठी अनुवादातही उपलब्ध आहेत. उत्कंठेने लागलेली वाचनाची गोडीच पुढे अवघड पुस्तकात वाचकाला टिकवून धरते.