अद्ययावत : पण कोणाच्या ‘आज’पर्यंत?

‘अद्ययावत’ हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की त्याची फोड करून पाहण्याची गरज सहसा वाटत नाही. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचे. स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र या शब्दातला ‘आज’ वापरणारा ठरवीत नाही, विकणारा ठरवतो. फोन चालू असतो, पडदा शाबूत असतो, बॅटरीही दिवसभर पुरते. पण एका ठरावीक तारखेनंतर ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट येणे थांबते. ही तारीख कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावी, एवढाच येथे प्रश्न आहे. तो तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या वर्गातले किती विद्यार्थी नेमलेली पुस्तके फोनवर वाचतात, हे एकदा मोजून पाहावे.

माझ्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने दिवाळीत दुकानातून कोरा फोन घेतला. खोक्याचे सील तिनेच फोडले; पावती रीतसर. वर्ष-सव्वा वर्षात अपडेट थांबले. चौकशी केल्यावर कळले की मुदत मोजली होती ती मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून, तिने पैसे मोजले त्या दिवसापासून नव्हे. फोन स्वस्त का मिळाला, हे तिला तेव्हा उमगले. तिचा लघुप्रबंध त्याच फोनवर लिहिला जात होता आणि शिष्यवृत्तीच्या पैशांचे व्यवहारही त्याच फोनवरून होत होते. दुकानदाराने तिला फसवले असे म्हणता येत नाही. कारण ती तारीख सांगण्याचे बंधन त्याच्यावर नव्हतेच. फसवणुकीला नियमाचे रूप मिळाले की ती फसवणूक राहत नाही, व्यवहार होते.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. तिन्ही तपासून पाहू.

पहिला युक्तिवाद असा की अपडेट ही विक्रीनंतरची सौजन्यसेवा आहे. ती किती दिवस द्यावी हा देणाऱ्याचा प्रश्न. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नवी आवृत्ती, नवी चिन्हे, नवी सजावट ही एक गोष्ट. सुरक्षेची दुरुस्ती ही दुसरी. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघडकीस आली. मुद्दाम घडवलेला एक चित्रफितीचा संदेश नुसता येऊन पोहोचला तरी फोनचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकत होता. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा परिपाठ सुरू केला. ही त्रुटी वापरणाऱ्याने निर्माण केली नव्हती. ती विक्रीच्या दिवशीच वस्तूत होती, सापडली नंतर एवढेच. विकलेल्या वस्तूतला मूळचा दोष काढून देणे हे सौजन्य नसते, ते कर्तव्य असते.

नव्या आवृत्त्यांना तरी निव्वळ सजावट म्हणावे काय? अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी धड उमटत नसे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, जोडाक्षरे विस्कटत. पुढील आवृत्त्यांत ती सोय आली, पण ज्यांचे फोन जुन्या आवृत्तीवरच सोडून दिले गेले त्यांच्या वाट्याला ते चौकोनच राहिले. इंग्रजी वाचणाऱ्याला जे पहिल्या दिवसापासून मिळाले, ते मराठी वाचणाऱ्याला अपडेटवाटे मिळायचे होते. अपडेट थांबल्याचा भुर्दंड सर्व भाषांवर सारखा पडत नाही, हे भाषेच्या अभ्यासकांनी तरी ध्यानात ठेवावे.

दुसरा युक्तिवाद तांत्रिक आहे : चिप बनवणारी कंपनी जुन्या चिपसाठी साह्य बंद करते, मग फोन बनवणाऱ्याने काय करावे? याचे उत्तर नेदरलँड्समधील फेअरफोन या छोट्या कंपनीने कृतीने दिले आहे. २०१५ साली आलेल्या फेअरफोन २ च्या चिपला निर्मात्याकडून अँड्रॉइड ६ नंतर साह्य मिळाले नाही; तरीही कंपनीने तो फोन अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि २०२३ पर्यंत सांभाळला. ॲपलच्या २०१३ सालच्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा-दुरुस्ती मिळाली. तेव्हा ‘शक्य नाही’ या शब्दांचा अर्थ बहुधा ‘परवडत नाही’ असा आणि ‘परवडत नाही’चा अर्थ बहुधा ‘नवा फोन विकायचा आहे’ असा घ्यावा लागतो.

तिसरा युक्तिवाद : नवी प्रणाली जुन्या फोनला पेलत नाही, तो मंदावतो. हे खरे आहे. बॅटरी जीर्ण झालेल्या आयफोनची गती अपडेटद्वारे कमी केली जात असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, आणि ग्राहकांना पूर्वसूचना न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. पण यातून निष्पन्न होते ते एवढेच, की नवी आवृत्ती ऐच्छिक असावी आणि सुरक्षा-दुरुस्ती स्वतंत्रपणे मिळावी. दुरुस्तीच बंद करावी, असे त्यातून निघत नाही.

आता मुदतीकडे येऊ. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. दोन्ही फोन महागडे. फोन सर्वांत जास्त वर्षे पुरवून वापरण्याची निकड मात्र ज्याला असते, तो ते घेऊ शकत नाही. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यात पाच वर्षे मोजायची ती मॉडेल बाजारात आणणे थांबल्यापासून. मोजण्याची हीच रीत न्याय्य आहे. पण त्या नियमाचे कलम बारकाईने वाचावे : उत्पादक ‘जर’ अपडेट देत असेल, तर ते त्याने एवढा काळ विनामूल्य उपलब्ध ठेवावे, अशी त्याची रचना आहे. एका ‘जर’ने सारा हक्क पुन्हा मर्जीवर नेऊन ठेवता येतो. शब्दाचे वजन ओळखणे हा आपला व्यवसाय असेल, तर हा ‘जर’ आपल्या डोळ्यांत खुपला पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. माहिती मिळणे चांगलेच. पण माहिती म्हणजे हक्क नव्हे.

तेव्हा मागणी ‘जर’ वगळून करावी. मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान सात वर्षे सुरक्षा-दुरुस्ती, स्वस्त फोनलाही. शेवटची तारीख खोक्यावर किमतीशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत. आणि ती उलटल्यावर फोनचे कुलूप मालकाच्या स्वाधीन, म्हणजे इतरांनी घडवलेली प्रणाली त्याला त्यावर बसवता येईल. ज्याने किंमत पूर्ण मोजली, त्याचा ‘आज’ परस्पर संपवण्याचा अधिकार विकणाऱ्याला नाही.