ताण आणि वाटणी

तथागतांनी भिक्खू सोणला वीणेचे उदाहरण दिले होते. तार फार ताणली किंवा सैल सोडली, तर सूर उमटत नाही. कामातील ताणालाही हाच न्याय लागू पडतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली. शाळांच्या खोल्यांत पूरग्रस्त उतरले. आम्ही शिक्षकांनी कोणी स्वयंपाक, कोणी औषधे, कोणी नोंदी अशी कामे वाटून घेतली. थकलो, पण खचलो नाही.

मात्र जिथे वाटणीच नाही, तिथे सहनशीलतेचे कौतुक हा अन्याय झाकण्याचा मार्ग ठरतो. मसुदा समितीत सात सदस्य असूनही अखेर भार डॉ. आंबेडकरांवरच पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. बाबासाहेबांनी तो पेलला. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि कर्मचाऱ्यांना श्रेय दिले.

वसतिगृहाची रात्रपाळी, निकालपत्रके, आजारी लेकरू हे सारे एकाच शिक्षकाच्या माथी मारून त्याला ‘खंबीर राहा’ म्हणू नये. आधी ओझ्याला हात लावावा. संघभावना तिथूनच सुरू होते.