परिक्रमा पायांची की चाकांची?

वेग हे आजच्या जीवनाचे दैवत झाले आहे. शनिवारी निघून सोमवारी कामावर हजर होणे यालाच प्रवास म्हणण्याची सवय शहरी कुटुंबांना जडली आहे. तीर्थयात्राही त्यातून सुटलेली नाही. नर्मदा परिक्रमा आता बसने पंधरा-वीस दिवसांत पुरी होते. वृद्धांना दुसरा मार्ग नसतो आणि त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारणही नाही. पण धडधाकट माणसाने तेवढ्यावर समाधान मानावे काय?

अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहून खंबातच्या आखातास मिळते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावी, पात्र ओलांडू नये, चातुर्मासात एके ठिकाणी थांबावे, असे परिक्रमेचे नियम आहेत. परंपरेने सांगितलेला काळ ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांचा. पूर्वजांना पोहोचण्याची घाई नव्हती. वाट हेच त्यांचे तीर्थ होते.

सायंकाळी कोणाच्या ओसरीवर पाठ टेकायची, हे पायी चालणाऱ्यास सकाळी ठाऊक नसते. ‘नर्मदे हर’ म्हणत तो अनोळखी दारात उभा राहतो आणि स्वतःच्या उद्याची शाश्वती नसलेली माणसेही त्याच्यापुढे शिधा ठेवतात. तिथे पद, पैसा, जात यांचा अहंकार आपसूक गळतो. समाज एक आहे, हे व्याख्यानातून ऐकणे वेगळे आणि परक्या घरची भाकरी खाऊन अनुभवणे वेगळे. बसच्या खिडकीतून घाट आणि देवळे दिसतात. ही माणसे दिसत नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याने कोणाची शेते गिळली, शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट कुठे बुडाली, हेही काठाने चालणाऱ्यालाच विचारावेसे वाटते.

‘इतका वेळ आहे कोणाला?’ ही सबब नेहमीची. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी तिला कृतीने उत्तर दिले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदाकाठची पदयात्रा आरंभली आणि अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने चालू ठेवली. त्या चालण्यातून त्यांची चित्रे आणि पुस्तके जन्मली.

सुटीतले आठ दिवस प्रत्येक कुटुंबाला काढता येतील. मुलांना एखादी नदी, एखादा घाट पायी दाखवावा. वाटेत ज्यांचे अन्न खाल्ले त्यांची नावे लक्षात ठेवावीत आणि त्यांच्या गावच्या शाळेला, दवाखान्याला काय हवे याची विचारपूस करावी. देशावर प्रेम करायचे तर आधी त्याची ओळख हवी, आणि ती ओळख पायांनीच होते.